दाताच्या दवाखान्यातली माणसे

दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण तुम्ही लहानपणापासून ऐकत आला असाल. मी ती गेली तीस वर्षे ऐकतो आहे, आणि तीही बहुधा बोळक्या तोंडातून. मी दातांचा डॉक्टर आहे. माझ्याकडे हसत येणारा माणूस विरळा. गालाला हात लावून, डोक्याला रुमाल गुंडाळून, रात्रभर जागून आलेली माणसेच फार. खुर्चीत बसताबसता ती पहिला प्रश्न विचारतात, "डॉक्टर, काढावा तर नाही ना लागणार?" आणि दुसरा, जरा हळू आवाजात, "खर्च किती येईल?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण तिसराही एक प्रश्न आहे आणि तो सहसा कोणी विचारत नाही. तो असा की, माझ्या तोंडात हात घालणारा हा माणूस नेमका कोण? तो काय शिकला आहे, आणि हे काम त्याचे आहे का?

घर बांधायला काढले म्हणजे आपण गवंड्याला दारे-खिडक्या करायला सांगत नाही, की सुताराला भिंत चढवायला लावत नाही. कोणाचे काम कोणते, हे आपल्याला पक्के ठाऊक असते. तोंडाची गोष्ट निघाली की मात्र सगळे एका शब्दात आटोपते, "दातवाला." दात काढणारा तो दातवाला, कवळी करणारा तो दातवाला, आणि बाजारात पेटी मांडून बसणारा तोही दातवालाच! आज याविषयी तुमच्याशी चार शब्द बोलायचे आहेत. त्याला कारण माझी मावशी.

मावशी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. माझा दवाखाना तिथून एस.टी.ने तीन तासांच्या वाटेवर. तिच्या वरच्या दोन दाढा पडल्या तेव्हा तिने मला कळवले नाही. आठवड्याच्या बाजारात काचेच्या पेटीत दात मांडून एक गृहस्थ बसत, त्यांच्याकडे ती गेली. त्यांनी तासाभरात दोन दाढा बसवून दिल्या. गुलाबी रंगाचा मऊ लगदा हिरडीवर दाबला, त्यात दाढा रोवल्या आणि शेजारच्या दातांना तो सगळा डोलारा चिकटवून टाकला. "काढा-घालायची कटकट नाही," असे त्यांनी सांगितले. मावशी खूश झाली.

पुढे तिथे टोचू लागले. ती पुन्हा बाजारात गेली. त्यांनी कानशीने कड घासून दिली, मलमाची एक ट्यूब दिली. आणखी काही महिन्यांनी ती परत गेली, पुन्हा कड घासली गेली. मग मे महिन्यात घरातल्या एका लग्नासाठी मी गावी गेलो. पंगतीत मावशी शेजारी होती. सगळ्यांच्या पानात जिलेबी, आणि ही आपली वरणभात कालवून, अगदी पातळ करून गिळत होती. मी विचारले, तर म्हणाली, "अरे बाळ, एवढ्याशा दाढेसाठी तुला कशाला त्रास द्यायचा? तू तिकडं कामात." पंगत उठल्यावर मी तिला खिडकीपाशी उजेडात उभी केली आणि तोंड उघडायला लावले. त्या गुलाबी लगद्याच्या कडेला, वरच्या हिरडीवर एक जखम होती. तिच्या कडा उचललेल्या आणि कडक होत्या. मावशीला चाळीस वर्षांची मिश्रीची सवय. मला पुढचे काही बोलवेना.

त्या बाजारातल्या माणसाच्या मनात पाप होते असे मी म्हणत नाही. त्याला हिरडी दिसत होती, पण आपण काय पाहतो आहोत हे ओळखायला कोणी शिकवलेच नव्हते. आणि खरे सांगायचे तर दोष माझाही आहे. घरात दातांचा डॉक्टर असून कोणत्या कामाला कोणाकडे जायचे, हे मी माझ्याच माणसांना कधी बसून सांगितले नव्हते. तिला सांगायचे राहिले, ते आज तुम्हाला सांगतो.

दवाखान्यात शिरताना पहिली भेट होते ती मदतनीस बाईंची किंवा बुवांची. तुम्ही त्यांना "ताई" म्हणता आणि "डॉक्टर आहेत का?" एवढे विचारून बाकावर बसता. पण दवाखान्याची निम्मी भिस्त या ताईंवर असते. एका रोग्याच्या तोंडातून निघालेली हत्यारे धुऊन, पुसून, पाकिटात बंद करून ती वाफेच्या दाबाखाली उकळणाऱ्या पाण्यापेक्षाही जास्त उष्णतेत, साधारण 121 अंशांवर ठेवायची आणि मगच दुसऱ्यासाठी काढायची, हे काम त्या करतात. याला ऑटोक्लेव्ह म्हणतात. त्यात हयगय झाली तर एकाची कावीळ दुसऱ्याला लागू शकते. म्हणून सांगतो, पाकीट तुमच्यासमोर फोडले जाते का, हे जरूर पाहा. त्यात कोणाचा अपमान नाही. ताई तुम्हाला मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा विकार विचारतील, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का तेही विचारतील. "दाताचा आणि हृदयाचा काय संबंध?" असे म्हणून ते उडवून लावू नका. दात काढल्यावर रक्त थांबणार की नाही, ते त्या उत्तरावर ठरते. मात्र इंजेक्शन देणे, दात कोरणे, दात काढणे ही कामे ताईंची नव्हेत. डॉक्टर बाहेरगावी गेले म्हणून "मीच काढून देते" असे कोणी म्हणाले, तर सरळ उठून घरी यावे.

आता डॉक्टर. दातांचे डॉक्टर म्हणजे कमी शिकलेले डॉक्टर, अशी एक समजूत अजून खेड्यापाड्यांतून ऐकू येते. एकेकाळी आपल्या देशात हे शास्त्र शिकण्याची सोयच नव्हती. 1920 साली डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्त्याला देशातले पहिले दंत महाविद्यालय काढले. मुंबईला नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय 1933 सालचे. आणि या धंद्याला कायद्याची चौकट मिळाली ती स्वातंत्र्यानंतर, 1948 सालच्या डेंटिस्ट्स अॅक्टने. पुढे 2023 साली त्याची जागा घेण्यासाठी संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा संमत केला. पण त्या जुन्या कायद्याने केलेली एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्याने दातांच्या कामातली तीन माणसे वेगवेगळी ओळखली, तिघांची कामे सांगितली आणि तिघांची नोंदवही ठेवायला सांगितली. डेंटिस्ट, डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक, ही ती तीन माणसे.

यांतला डेंटिस्ट म्हणजे बी.डी.एस. ही पदवी घेतलेला माणूस. इंटर्नशिप धरून साधारण पाच वर्षांचे हे शिक्षण. त्यात दातांच्या आधी सबंध शरीर शिकावे लागते. रक्त कसे वाहते, औषध कसे चालते, गाठ कशी वाढते, हे सगळे. रोग ओळखणे, कीड कोरून दात भरणे, दात काढणे, मुळाच्या नळीतली सडलेली नस काढून ती बंद करणे म्हणजेच रूट कॅनाल, कवळीचे माप घेणे, ही त्याची रोजची कामे. पण या सगळ्याआधीचे त्याचे एक काम आहे, आणि ते फुकट वाटते म्हणून लोक त्याला मोजत नाहीत. ते म्हणजे पाहणे. जीभ उचलून खाली पाहणे, गालाचा आतला भाग ताणून पाहणे, टाळू पाहणे. दात दाखवायला आलेल्या माणसाला मी जीभ बाहेर काढायला सांगितली की तो चकित होतो. पण त्या दोन मिनिटांतच कधीकधी त्याचे आयुष्य असते. मावशीला बाजारात दाढा मिळाल्या, ही दोन मिनिटे मिळाली नाहीत.

दुसरा माणूस डेंटल हायजिनिस्ट. सरकारी मराठीत त्याला दंत आरोग्यक म्हणतात. दोन वर्षांचे शिक्षण घेतलेला हा माणूस दातांवर साचलेले कीटण काढतो, दात घासून गुळगुळीत करतो आणि घरी ब्रश कसा फिरवावा ते शिकवतो. या पेशाचा जन्म अमेरिकेतला. कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट गावी अल्फ्रेड फोन्स नावाचे एक दंतवैद्य होते. त्यांनी 1906 साली आपल्या दवाखान्यातल्या मदतनीस बाईंना, आयरीन न्यूमन यांना, हे काम शिकवले. 1913 साली त्यांनी त्याची शाळाच काढली. तिथून शिकून निघालेल्या बायका गावातल्या शाळांतून मुलांचे दात साफ करू लागल्या. यांना दाताच्या नर्स म्हणावे असे काहींचे मत होते. फोन्स यांना ते पसंत नव्हते. नर्स म्हटले की आजार आठवतो, यांचे नाते तर आरोग्याशी आहे, असे त्यांचे म्हणणे. म्हणून त्यांनी हे नवे नाव बनवले. न्यूझीलंडने तर 1921 पासून शाळांसाठी खास दंत परिचारिका शिकवून तयार केल्या, आणि त्या मुलांचे दात भरूही लागल्या. आपल्याकडच्या हायजिनिस्टला दात कोरण्याची मुभा नाही. आपल्याकडे हे लोक थोडे आहेत, म्हणून बहुतेक दवाखान्यांत हे काम डेंटिस्टच करतो.

दात साफ करण्याविषयी एक गैरसमज इथेच दूर करतो. "डॉक्टर, साफ केल्यावर दात हलायला लागले," अशी तक्रार मी कितीदा तरी ऐकली आहे. मंडळी, दात साफ केल्याने हलत नाहीत. ते आधीच हलत असतात. हिरडीखालचे हाड झिजलेले असते आणि कीटणाच्या थराने दात एकमेकांना बांधून धरलेले असतात. मोडकळीला आलेल्या भिंतीला मातीचे लिंपण असावे, तसे ते. लिंपण काढले की भेग दिसते. ती लिंपणारे हात लागले म्हणून पडलेली नसते. हिरडीतून रक्त येते म्हणून घासणे सोडणारे लोक आहेत. त्यांनी उलट लवकर दाखवायला हवे, कारण हिरड्यांच्या रोगाने दात गमावणारी माणसेही काही कमी नाहीत.

तिसरा माणूस डेंटल मेकॅनिक, आताच्या बोलण्यात टेक्निशियन. यालाही दोन वर्षांचे शिक्षण. हा तुम्हाला कधी दिसत नाही. तो मागच्या खोलीत किंवा दुसऱ्या गल्लीतल्या प्रयोगशाळेत बसतो. डॉक्टर तुमच्या तोंडाचे माप घेतात, त्यात हा प्लॅस्टर ओतून तुमच्या जबड्याचा साचा काढतो. मग मेणाच्या पट्टीवर एकेक दात लावतो. ते मेणाचे दात तोंडात लावून पाहायला डॉक्टर तुम्हाला बोलावतात, आणि तुम्ही वैतागता, "अजून किती फेऱ्या?" पण तीच फेरी महत्त्वाची. खालचे-वरचे दात मिळतात का, ओठ उचलल्यासारखा दिसतो का, "स" आणि "फ" नीट उच्चारता येतात का, हे तेव्हाच कळते. मेण वितळवून त्या जागी पक्की कवळी झाली की मग थोडेफार घासण्यापलीकडे काही करता येत नाही. चिनी मातीसारख्या पदार्थाचे थर भट्टीत भाजून दाताची कॅप करणाराही हाच. आता काही ठिकाणी माप कॅमेऱ्याने घेतात आणि कॅप यंत्र कोरून देते, पण शेजारच्या दाताशी रंग जुळवायला अजून माणसाचाच डोळा लागतो.

मेकॅनिक हा कारागीर आहे, आणि चांगला मेकॅनिक मिळणे हे डेंटिस्टचे भाग्य. पण त्याचे काम बाकावरचे, तोंडातले नव्हे. माप घेणे, हिरडी तपासणे, कवळी बसवणे हे त्याने करायचे नाही, कारण साच्यातली हिरडी प्लॅस्टरची असते. तिच्यावर जखम उमटत नाही. बाजारातल्या पेटीवाल्याची गफलत होते ती इथे. त्याचा हात कधीकधी खरोखर कसबी असतो. पण तो कारागिराचा हात घेऊन वैद्याच्या जागी बसतो. कवळी काढता-घालता आली पाहिजे, ती रात्री काढून पाण्यात ठेवली पाहिजे, म्हणजे हिरडीला विसावा मिळतो आणि खाली काय चालले आहे ते दिसते. न निघणारा लगदा हिरडीवर दाबून बसवणे म्हणजे जखमेवर झाकण ठेवणे.

ही झाली मूळची तीन माणसे. यांच्यापुढे खास शिक्षण घेतलेले डॉक्टर येतात. बी.डी.एस.नंतर आणखी तीन वर्षे शिकून एम.डी.एस. होता येते, आणि त्याच्या नऊ शाखा आहेत. सगळ्यांची नावे घोकायला मी सांगत नाही. नळीचे अवघड काम करणारे वेगळे, हिरड्यांचे वेगळे, वाकडे दात तारांनी सरळ करणारे वेगळे, कवळ्या आणि कॅपचे वेगळे. हाडात रुतलेली अक्कलदाढ काढणारे, अपघातात मोडलेला जबडा जोडणारे शल्यवैद्य वेगळे. तोंडातले आजार आणि एक्स-रे पाहणारे वेगळे. सबंध गावाच्या किंवा शाळेच्या दातांचा विचार करणारेही एक शास्त्र आहे. लहान मुलांचे डॉक्टर तर फारच गुणी माणसे. रडणाऱ्या मुलाकडून तोंड उघडून घेणे ही निम्मी विद्या आणि निम्मी माया आहे.

मुलांवरून आठवले. सहाव्या वर्षाच्या सुमाराला मुलाला सगळ्यांत मागे एक नवी दाढ येते. तिच्या जागी आधीचा दुधाचा दात पडत नाही, म्हणून आईबापांना वाटते, ही दुधाचीच, किडली तर किडली, पडून जाईल. ती दुधाची नसते. ती जन्माची सोबतीण. दुधाचे दात वीस असतात. एकविसावा आला म्हणजे तो कायमचा समजा आणि मुलाला दाखवून आणा.

उरलेली नववी शाखा म्हणजे तोंडाच्या रोगांचे सूक्ष्मदर्शकाखाली निदान करणारे डॉक्टर. तुमची-त्यांची गाठ पडत नाही. काचेच्या पट्टीवर मांसाचा केसाएवढा पातळ पापुद्रा येतो आणि त्यावर एक क्रमांक असतो, एवढीच त्यांची ओळख. माझ्या मावशीचीही त्यांच्याशी अशीच ओळख झाली.

मी तिला शहरात आणले. एका शल्यवैद्यांनी जखमेच्या कडेचा एक कण काढून तपासायला पाठवला. चार दिवसांनी उत्तर आले. कॅन्सर होता. तो तंबाखूचा. निकृष्ट दाढांनी केले ते एवढेच की त्याला लपायला जागा दिली आणि आमचे आठ महिने खाल्ले. मग शस्त्रक्रिया झाली. वरच्या जबड्याचा एका बाजूचा भाग आणि टाळूचा तुकडा काढावा लागला. मावशीचे प्राण वाचले. पण टाळूला भोक पडले म्हणजे काय होते, ते पाहिल्याशिवाय समजायचे नाही. घोटभर चहा प्यायला तर तो नाकातून यायचा. बोलणे सगळे नाकातून, आम्हालाही कळेना. बडबडी बाई, ती पाटीवर लिहून दाखवू लागली. पुढेपुढे लिहीनाशीही झाली.

जखम भरल्यावर कवळ्यांच्या शाखेतल्या बाईंनी तिचे माप घेतले. असले माप घेणे सोपे नसते. मागच्या खोलीतल्या मेकॅनिकने त्यावरून एक कवळी केली. तिला वरून एक पोकळ उंचवटा होता. तो त्या भोकात जाऊन बसायचा आणि तोंड व नाक वेगळे करायचा. तीनदा घासून, तीनदा लावून पाहून ती बसली. बाईंनी मावशीच्या हातात चहाचा कप दिला. ती घाबरत एक घोट प्याली, थांबली, आणि कितीतरी दिवसांनी मला समजेल असे पहिले वाक्य बोलली, "अरे, नाकात नाही गेला."

मग तिने विचारले, "हे कुणी केलं?" मी मागच्या खोलीतल्या माणसाविषयी सांगितले. पुढच्या तपासणीला येताना तिने बेसनाच्या लाडवांचा डबा आणला. तिला स्वतःला ते एका बाजूने, हळूहळू खावे लागतात. डबा घेऊन ती आत गेली. तिथे प्लॅस्टरने पांढरे झालेले हात घेऊन एक मध्यमवयीन गृहस्थ उभे होते. त्यांनी तिचा जबडा महिनाभर हातात धरला होता, पण तिला पाहत होते पहिल्यांदा.

मावशी आज गावी आहे. मिश्रीचा डबा घरात नाही. सुनांनाही तिने लावू दिलेली नाही. दर काही महिन्यांनी ती तपासणीला येते.

तुमच्याकडे माझे मागणे एवढेच. दवाखान्यात गेलात की भिंतीवरची पदवी वाचा आणि दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक पाहा. दिसला नाही तर विचारा. पैशाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे सरकारी दंत महाविद्यालये आहेत, आणि जिल्हा रुग्णालयातही दातांचा विभाग पाहावा. तोंडातली कोणतीही जखम दोन आठवड्यांत भरली नाही, गालात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, किंवा आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात जाईनाशी झाली, तर दात दुखत नसला तरीही डेंटिस्टकडे जा. ठणका लागण्याची वाट पाहू नका. मावशीची जखम पहिले कितीतरी दिवस दुखतच नव्हती.

आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तेवढे विचारा. ती आपण होऊन सांगत नाहीत. पंगतीत कोण काय गिळते आहे, तिकडे जरा लक्ष असू द्या.